नववीच्या वेळापत्रकात सलग दोन तासिका द्या

मा. संपादक,
सप्रेम नमस्कार.

'जीवनकौशल्ये' आणि 'व्यवसायशिक्षण' हे शब्द गेल्या काही वर्षांत शाळांच्या परिपत्रकांत वारंवार येऊ लागले आहेत. राष्ट्रीय शैक्षणिक धोरण २०२० ने सहावी ते आठवीसाठी दहा दिवस बिनदप्तराचे सुचवले. राष्ट्रीय अभ्यासक्रम आराखडा २०२३ ने नववी-दहावीला व्यवसायशिक्षण सर्वांसाठी धरले. धोरण चांगलेच आहे. पण ते वर्गापर्यंत येता येता त्याचे काय होते, ते आम्ही शिकवणारी माणसे रोज बघतो. विषयाचे पुस्तक निघते, पुस्तकावर स्वाध्याय येतो, स्वाध्यायाचे गाईड येते आणि 'बँकांचे प्रकार लिहा' हे उत्तर पाठ करून मूल पुढच्या वर्गात जाते. बँकेत मात्र भरणा स्लिप भरायची वेळ आली की ती रांगेतल्या कुणा काकांपुढे धरते.

आमचे मागणे एकच आहे. कागदपत्रे, पैशांचे व्यवहार आणि हाताची कामे शिकण्यासाठी नववीला आठवड्यातून सलग दोन तासिका राखाव्यात, एका वेळी वीसपेक्षा जास्त मुले नसावीत, प्रत्येकाच्या हातात खरा कागद किंवा खरी वस्तू असावी आणि काम पुरे झाले का, एवढेच तपासावे. दहावीचे वर्ष परीक्षेने व्यापलेले असते आणि दहावीनंतर पुष्कळ मुले थेट आयटीआयला, दुकानात किंवा एमआयडीसीत जातात. त्यांना शाळेत गाठायचे तर नववी हेच वर्ष आहे.

सुरुवात कागदपत्रांपासून करावी. निकालानंतर जूनमध्ये तहसील कार्यालयासमोर जी गर्दी होते, तिचे मोठे कारण नावांतल्या तफावती हे असते, आणि त्या नववीतच सापडू शकतात. करायचे काय, तर एका कागदावर उभे रकाने आखायचे: जन्मदाखला, शाळेचे जनरल रजिस्टर, आधार, बँक पासबुक, शिधापत्रिका. आडव्या ओळींत स्वतःचे पूर्ण नाव मराठीत, तेच इंग्रजीत, वडिलांचे नाव, आईचे नाव, जन्मतारीख, जन्मस्थळ आणि जात-पोटजात. मुलांनी घरून झेरॉक्स आणायच्या आणि कागदावर जसे छापले आहे तसेच, अक्षर न् अक्षर उतरवून घ्यायचे. 'आपल्याला माहीत आहे' म्हणून आठवणीने लिहू द्यायचे नाही. चूक लपते ती तिथेच.

तफावती ठरावीक प्रकारच्या असतात. एका कागदावर आडनाव आधी, दुसऱ्यावर शेवटी. वडिलांच्या नावापुढे कुठे 'राव' आहे, कुठे नाही; आईच्या नावाला कुठे 'बाई' जोडले आहे, कुठे 'ताई'. वाघ, वाघमारे, वाडकर ही आडनावे इंग्रजीत कुठे 'डब्ल्यू'ने लिहिलेली, कुठे 'व्ही'ने. जन्मतारीख शाळेत घालताना घरच्यांनी अंदाजाने १ जून सांगितलेली आणि जन्मदाखल्यावर भलतीच. हे फरक किरकोळ वाटतात. पण शाळेच्या नोंदीतले आणि आधारवरचे नाव जुळले नाही तर 'अपार' क्रमांक (विद्यार्थ्याचा देशपातळीवरचा ओळखक्रमांक) तयार होताना अडतो, शिष्यवृत्तीचा अर्ज अडतो आणि पुढे भविष्यनिर्वाह निधीचा दावासुद्धा अडतो.

दुरुस्तीचा क्रमही शिकवावा लागतो, कारण क्रम चुकला की काम दुप्पट होते. आधी जन्मदाखला बघायचा, मग शाळेची नोंद, त्यानंतर आधार आणि सर्वांत शेवटी बँक. आधारवर नाव दोनदाच बदलता येते आणि जन्मतारीख एकदाच. म्हणून चुकीच्या कागदाच्या आधारे घाईने केलेला बदल महागात पडतो. शाळेच्या रजिस्टरमधली दुरुस्ती मूल शाळेत असेपर्यंत मुख्याध्यापकांमार्फत शिक्षणाधिकाऱ्यांकडे प्रस्ताव पाठवून होते. शाळा सोडल्याचा दाखला एकदा हातात पडला की तेच काम फार अवघड होऊन बसते. शिवाय पंधराव्या वर्षी आधारवरचे बोटांचे ठसे आणि बुबुळांची नोंद नव्याने द्यावी लागते, आणि नववी-दहावीतली मुले नेमकी त्याच वयाची असतात. ते राहून गेले तर ऐन प्रवेशाच्या किंवा परीक्षेच्या वेळी ठसा जुळत नाही.

दाखल्यांपैकी कोणते आधी काढून ठेवता येतात आणि कोणते नाहीत, हा भेद बहुतेक पालकांनाही माहीत नसतो. जातीचा दाखला कायमचा असतो, तो नववीतच काढावा. वय, राष्ट्रीयत्व आणि अधिवासाचा दाखलाही लवकर काढून ठेवता येतो. उत्पन्नाचा दाखला आणि नॉन-क्रीमिलेअर प्रमाणपत्र यांना ३१ मार्चची मुदत असते, ते फार आधी काढून उपयोग नाही. जातीच्या दाखल्यासाठी आणि पुढे पडताळणीसाठी त्या त्या प्रवर्गाच्या मानीव दिनांकापूर्वीचा, म्हणजे सरकारने ठरवलेल्या तारखेआधीचा, पुरावा लागतो: अनुसूचित जातींसाठी १० ऑगस्ट १९५०, अनुसूचित जमातींसाठी ६ सप्टेंबर १९५०, विमुक्त जाती व भटक्या जमातींसाठी २१ नोव्हेंबर १९६१, इतर मागासवर्ग आणि विशेष मागास प्रवर्गासाठी १३ ऑक्टोबर १९६७. म्हणजे आजोबा-पणजोबांच्या शाळेच्या रजिस्टरचा उतारा किंवा कोतवाल बुकाची (गावच्या जुन्या जन्म-मृत्यू नोंदवहीची) नक्कल शोधावी लागणार. दिवाळीच्या सुट्टीत गावी जाणाऱ्या मुलाला हे काम सांगता येते. जूनमध्ये ते कुणालाच जमत नाही. अर्ज दिल्यावर पोच घ्यायची आणि तिच्यावरचा क्रमांक व तारीख वहीत लिहायची, ही सवयही इथेच लागते. महाराष्ट्र लोकसेवा हक्क अधिनियम २०१५ खाली दाखल्यांना कालमर्यादा ठरलेली आहे आणि ती उलटली तर अपील करता येते, पण पोच नसेल तर मुदत कुठून मोजणार?

आता पैशांचे. गणिताच्या पुस्तकात 'अर्थनियोजन' नावाचे प्रकरण नववीत आहे आणि दहावीतही आहे. त्यात प्राप्तिकर, वस्तू व सेवा कर, शेअर्स हे येते आणि ते यावेच. पण सोळा हजार पगारावर लागणाऱ्या मुलाचा पहिला संबंध शेअर बाजाराशी येत नाही. तो येतो पगारपत्रकाशी आणि दुचाकीच्या हप्त्याशी. ही दोन गणिते फळ्यावर मांडून प्रत्येक मुलाकडून करून घ्यायलाच हवीत.

पगारपत्रकाचा नमुना असा घेता येईल. मूळ वेतन व महागाई भत्ता मिळून १४,००० रुपये, घरभाडे भत्ता ७००, इतर भत्ते १,३००, एकूण १६,०००. भविष्यनिर्वाह निधीची कपात १४,००० च्या १२ टक्के, म्हणजे १,६८०. राज्य कामगार विमा एकूण वेतनाच्या ०.७५ टक्के, म्हणजे १२०; सध्या दरमहा २१,००० पर्यंत वेतन असणाऱ्यांना तो लागू आहे. व्यवसाय कर २००. हातात उरले १४,०००. याच पगारावर बाई असेल तर महाराष्ट्रात तिला २५,००० पर्यंत व्यवसाय कर नाही, म्हणजे तिच्या हातात १४,२०० यायला हवेत. फेब्रुवारीत पुरुषांचा व्यवसाय कर ३०० असतो, तेव्हा त्या महिन्यात शंभर रुपये कमी दिसले तर घाबरायचे कारण नाही. मालकही १,६८० भरतो; त्यातले १,१६६ निवृत्तिवेतन योजनेत जातात आणि ५१४ निधीत.

हे कळले की पुढचे प्रश्न मुले आपणहून विचारतात. माझा यूएएन (भविष्यनिर्वाह निधीचा कायमचा क्रमांक) कोणता? ठेकेदाराने कपात केली, पण भरणा केला का, हे कुठे बघायचे? विम्याचे कार्ड का दिले नाही? दर नोकरी सोडताना निधी काढून घेण्याची सवय तरुणांत फार आहे. त्यातले नुकसान आकड्यात दाखवावे: निवृत्तिवेतनासाठी दहा वर्षांची सेवा लागते आणि मधेच निवृत्तिवेतनाचीही रक्कम काढून घेतली की मोजणी पुन्हा शून्यापासून सुरू होते. नोकरी बदलली तरी यूएएन तोच ठेवून जुनी शिल्लक नव्या खात्यात वळवायची असते.

दुसरे गणित हप्त्याचे. ६०,००० रुपयांचे कर्ज, २४ महिने, दर '१२ टक्के'. विक्रेता फ्लॅट दराने मांडतो: दोन वर्षांचे व्याज १४,४००, एकूण ७४,४००, हप्ता ३,१००. बँक घटत्या शिलकीवर त्याच १२ टक्क्यांनी देईल तर हप्ता साधारण २,८२५ बसतो आणि व्याज ७,८०० च्या आत राहते. म्हणजे फ्लॅट १२ टक्के हा प्रत्यक्षात जवळपास साडेएकवीस टक्के दर झाला. कारण सोपे आहे. दर महिन्याला मुद्दल फिटत जाते, तरी फ्लॅट दरात व्याज मात्र शेवटपर्यंत पूर्ण साठ हजारांवर लावले जाते. मुलांनी वहीत २४ ओळींचा तक्ता करावा: सुरुवातीची शिल्लक, व्याज एक टक्का, हप्त्यातून उरलेले मुद्दल, नवी शिल्लक. एका तासिकेत होतो. कॅल्क्युलेटर वापरू द्यावा, इथे गुणाकाराची परीक्षा नाही. तक्ता संपला की त्याखाली प्रक्रिया शुल्क, सक्तीचा विमा आणि हप्ता चुकल्याचा दंड हे तीन आकडे विक्रेत्याला विचारायचे, असे लिहून घ्यावे.

बँकेचे खाते दहा वर्षांवरील मुलाला स्वतः चालवण्यासाठी उघडता येते, रिझर्व्ह बँकेची तशी मुभा आहे. ज्या मुलांना जमेल त्यांनी खरेच उघडावे. वर्गात भरणा स्लिप, पैसे काढण्याची स्लिप आणि धनादेशाची झेरॉक्स यांवर सराव करावा. धनादेशात नेहमी होणाऱ्या चुका चार-पाचच आहेत: अक्षरी रकमेनंतर 'फक्त' न लिहिणे, नावापुढची जागा रेघ न मारता मोकळी सोडणे, डाव्या कोपऱ्यात दोन तिरप्या रेघा न मारणे, खाडाखोड करून बाजूला सही करणे. शेवटचे आता चालत नाही, नवा धनादेश लिहावा लागतो. तीन महिन्यांनंतर धनादेश शिळा होतो.

यूपीआयबद्दल भाषण देऊ नये, नाटक करावे. एका मुलाने जुनी सायकल विकायला काढली आहे, दुसरा 'लष्करातला अधिकारी' होऊन फोन करतो, क्यूआर कोड पाठवतो आणि म्हणतो, 'हा स्कॅन करून पिन टाका, पैसे तुमच्या खात्यात येतील.' वर्गाने तिथे थांबवायचे. पिन लागतो तो पैसे पाठवताना. पैसे घ्यायला पिनही लागत नाही आणि स्कॅनही करावे लागत नाही. हे एकदा हाताने घडले की विसरत नाही. पैसे गेलेच तर १९३० वर फोन करायचा, आणि तो फोनही वर्गात करून दाखवायचा, अर्थात खोटा: व्यवहाराचा क्रमांक, तारीख, वेळ, रक्कम, आपली बँक, समोरच्याचा क्रमांक. ही माहिती कागदावर तयार ठेवून बोलायला शिकवले तर दोन मिनिटांत तक्रार नोंदवून होते. पहिला तास-दोन तास महत्त्वाचा, कारण तेवढ्यात पैसा पुढच्या खात्यात गेला नसेल तर गोठवता येतो. त्याच वेळी बँकेलाही कळवायचे. पिन आपणच सांगितला असेल तर कळवण्याआधीचे नुकसान आपले, कळवल्यानंतरचे बँकेचे.

याच्या जोडीला एक गोष्ट ठासून सांगायला हवी आणि ती सहसा कुणी सांगत नाही. 'तुझे खाते आणि सिमकार्ड वापरायला दे, महिन्याला पाच हजार मिळतील' असे आमिष नुकतेच अठरा वर्षांचे झालेल्या मुलांना दाखवले जाते. त्या खात्यातून फसवणुकीचा पैसा फिरतो. पोलीस येतात ते खातेदाराच्या दारात. मुलाला वाटते, आपण काही चोरले नाही. कायदा मात्र त्याला टोळीतलाच धरतो.

हाताच्या कामांत विजेचे काम सर्वांत आधी घ्यावे आणि ते मुलामुलींनी सारखेच करावे. एक्स्टेन्शन बोर्ड जोडणे हे उत्तम पहिले काम आहे. चौघांच्या गटाला एक डबी, ६ अँपिअरचे एक तीनपिनी सॉकेट, एक स्विच, तीन मीटर तीनकोअर वायर, एक थ्रीपिन टॉप. वर्गाला तीन टेस्टर, दोन मल्टिमीटर, वायर सोलायच्या कात्र्या आणि शिक्षकांच्या टेबलावर एक सिरीज बोर्ड (मालिकेत एक दिवा जोडलेला तपासणीचा बोर्ड). मुलांचे सगळे काम वीजपुरवठा नसलेल्या टेबलावर होते, पुरवठ्याला हात फक्त शिक्षकांचा.

आधी रंग. घराच्या भिंतीतल्या वायरिंगमध्ये लाल फेज, काळा न्यूट्रल, हिरवा अर्थिंग. उपकरणांच्या वायरीत तपकिरी फेज, निळा न्यूट्रल, हिरवा-पिवळा अर्थिंग. इथे गोंधळ होतो म्हणून दोन्ही समोर ठेवावेत. टोक दहा-बारा मिलिमीटरच सोलायचे. सोलताना कात्री घट्ट दाबली की आतल्या तारा तुटतात. सातआठ तुटल्या तरी वरून काही दिसत नाही, पण वायर तेवढी बारीक झाली आणि भार आला की ती तिथेच तापणार. उरलेल्या तारा घड्याळाच्या दिशेने पिळायच्या आणि स्क्रूभोवतीही त्याच दिशेने गुंडाळायच्या, म्हणजे स्क्रू आवळताना तार आत ओढली जाते. उलटी गुंडाळली तर आवळताना बाहेर येते. फेजची वायर स्विचमधून सॉकेटला, न्यूट्रल थेट सॉकेटला. सॉकेट समोरून बघताना मोठे भोक वर ठेवले तर ते अर्थिंगचे, उजवीकडे फेज, डावीकडे न्यूट्रल. टॉपमध्ये अर्थिंगची वायर बाकी दोघींपेक्षा दोन सेंटिमीटर लांब ठेवायची. ओढ बसून वायरी निसटल्याच तर अर्थिंग सर्वांत शेवटी सुटते. शेवटी टॉपमधली पट्टी वायरच्या वरच्या जाड आवरणावर आवळायची, आतल्या वायरींवर नव्हे.

नेहमीची चूक म्हणजे स्विच न्यूट्रलमध्ये बसवणे. दिवा लागतो, विझतो, सगळे बरोबर वाटते. पण स्विच बंद असतानाही सॉकेटमध्ये फेज येतच असतो आणि 'बंद तर केलेय' म्हणून हात लावणाऱ्याला धक्का बसतो. मल्टिमीटरने टॉपच्या फेज पिनपासून सॉकेटच्या उजव्या भोकापर्यंत तपासायचे: स्विच चालू केला की बीप, बंद केला की शांत. न्यूट्रल पिनपासून डाव्या भोकापर्यंत स्विच कसाही असला तरी बीप. अर्थिंगच्या पिनपासून अर्थिंगच्या भोकापर्यंतही तसेच. मग शिक्षक सिरीज बोर्डवर लावून बघतात: बोर्ड आत कुठे शॉर्ट असेल तर मालिकेतला दिवा पूर्ण उजेड देतो, ठीक असेल तर सॉकेटला भार लावेपर्यंत तो लागत नाही. ज्या गटाचा दिवा भक्कन लागतो, त्यानेच उघडून चूक शोधायची. शिकणे त्या पंधरा मिनिटांत होते, ती घाई करून कापू नयेत.

याच पाठाला अँपिअरचे गणित जोडावे. २,००० वॅटचा गीझर २३० व्होल्टवर जवळपास ८.७ अँपिअर ओढतो, म्हणून ६ अँपिअरच्या सॉकेटमध्ये लावला की सॉकेट वितळते. एमसीबी (भार वाढला की आपोआप पडणारा स्विच) वायरला वाचवतो, माणसाला वाचवतो तो ३० मिलिअँपिअरचा आरसीसीबी (वीज गळू लागली की पुरवठा तोडणारा स्विच), आणि तो आपल्या घरात आहे का ते मुलांनी घरी जाऊन बघावे. चार रविवार एकाच वेळी मीटरवरचा आकडा लिहून आणला की वीजबिल वाचता येते. ७५ वॅटचा पंखा रोज बारा तास चालला तर महिन्याला २७ युनिट, ३० वॅटचा बीएलडीसी पंखा तेवढाच चालला तर अकराच्या आत. बिलावर मागील रीडिंग आणि चालू रीडिंग सारखेच छापलेले असेल किंवा सरासरी लावली असेल तर तक्रार कशी लिहायची, हाही सराव द्यावा. घरगुती दर टप्प्यांनी वाढतो, त्यामुळे दोन-तीन महिन्यांचे युनिट एकदम एका बिलात आले तर वरचा टप्पा लागला नाही ना, हे तपासावे लागते.

गॅसचा पाठ एका तासिकेचा. सिलिंडरच्या कड्यावर रिकाम्या टाकीचे वजन लिहिलेले असते, त्यात १४.२ किलो मिळवायचे, १५.३ लिहिले असेल तर काट्यावर २९.५ भरले पाहिजे. तिथेच इंग्रजी अक्षर आणि वर्ष असते: 'ए' म्हणजे मार्चअखेर, 'बी' जूनअखेर, 'सी' सप्टेंबर, 'डी' डिसेंबर. ती तारीख उलटून गेलेली टाकी घ्यायची नाही. नळी पाच वर्षांनी बदलायची. गळती साबणाच्या फेसाने शोधायची, काडीने कधीच नाही. वास आला तर रेग्युलेटर बंद करा, खिडक्या उघडा, विजेचे बटण दाबू नका, चालू असलेलेही बंद करू नका, आणि बाहेर येऊन १९०६ ला फोन करा. बटणाचा मुद्दा दोनदा सांगावा लागतो, कारण घाबरलेला माणूस आधी दिव्याच्या बटणाकडेच धावतो.

नोकरीच्या अर्जाबद्दल थोडक्यात. एक पान पुरे. नाव, संपर्क, शिक्षण, येणारी कामे. 'प्रामाणिक व मेहनती' लिहिण्यापेक्षा 'सिंगल फेज वायरिंग येते, मल्टिमीटर वापरता येतो' हे वाचून फोरमन थांबतो. मूळ प्रमाणपत्रे कुणाकडेही ठेवायची नाहीत, दाखवून परत घ्यायची. नोंदणी, गणवेश किंवा अनामत म्हणून आधी पैसे मागणारी नोकरी खोटी समजावी. इलेक्ट्रिशियन, फिटर, वायरमन हे आयटीआयचे अभ्यासक्रम दोन वर्षांचे, वेल्डर आणि संगणकचालक एक वर्षाचे, आणि त्यानंतर शिकाऊ उमेदवारी करता येते, एवढे नववीतल्या प्रत्येकाला माहीत हवे. जवळच्या आयटीआयची एक फेरी याच वर्षी व्हावी. आणि मुले दुचाकीवर शाळेत येत असतील तर तेही इथेच बोलावे: अल्पवयीन मुलाने गाडी चालवली तर २०१९ च्या दुरुस्तीनंतर पालकांना २५,००० रुपये दंड आणि तीन वर्षांपर्यंत कैद होऊ शकते, गाडीची नोंदणी वर्षभर रद्द होते आणि त्या मुलाला पंचविसाव्या वर्षापर्यंत परवाना मिळत नाही.

हे शिकवणार कोण, असा प्रश्न लगेच येतो. उत्तर आपल्याच राज्यात आहे. शिरूर तालुक्यातल्या पाबळला डॉ. श्रीनाथ कलबाग यांनी १९८३ मध्ये विज्ञान आश्रम सुरू केला. तिथून निघालेला 'मूलभूत तंत्रज्ञानाची ओळख' हा आठवी ते दहावीचा कार्यक्रम अनेक माध्यमिक शाळांत चालला. आठवड्यातला एक दिवस हाताच्या कामाला, अभियांत्रिकी, ऊर्जा-पर्यावरण, शेती-पशुपालन आणि गृह-आरोग्य असे चार विभाग. शिकवायला गावातलेच कारागीर, आणि शिकताना गावाची खरी कामे करून द्यायची. मुलगेही स्वयंपाक करतात, मुलीही वेल्डिंग करतात. हा अनुभव हाताशी असताना नवी पुस्तके छापण्याची घाई कशासाठी?

बाहेरून माणूस बोलावताना शाळा एक चूक हमखास करतात. बँकेचे अधिकारी किंवा वायरमन येतात, त्यांच्यापुढे सभागृहात दोनशे मुले बसवतात, ध्वनिक्षेपक लावतात, श्रीफळ देतात, फोटो काढतात. पाऊण तासात कुणाच्याही हाताला काही लागत नाही. त्याच माणसाला वीस मुले आणि सत्तर मिनिटे द्या. चाळीसचा वर्ग असेल तर निम्मी मुले कागदपत्रांच्या तक्त्यावर वर्गशिक्षकांकडे आणि निम्मी बोर्डवर कारागिराकडे. पुढच्या आठवड्यात अदलाबदल. कारागिराला मानधन द्यावे, फुकट बोलावू नये. दोनदा येईल, तिसऱ्यांदा त्याचा धंदा बुडतो.

मूल्यमापनाला लेखी पेपर नको. प्रत्येक कामाची एक चिठ्ठी, तिच्यावर चार-पाच ओळी: सोलताना तार तुटली नाही, फेज स्विचमधून गेला, अर्थिंग जोडले, पट्टी आवळली. समोर दोनच खुणा, 'झाले' किंवा 'पुन्हा करा'. पुन्हा केल्यावर खूण बदलते, जुनी खोडून टाकायची. याला गुण लावले की पालक वर्ग लावतील आणि बोर्ड काका जोडून देतील, हे आम्ही प्रकल्पवह्यांत पाहिलेच आहे.

वेळापत्रक शाळा उघडल्यावर पहिल्या पंधरवड्यात ठरते. सलग तासिका तेव्हाच धरली तर मिळते; नंतर गणित आणि इंग्रजीच्या जादा तासिका ती गिळून टाकतात आणि मग शनिवारची शेवटची एकच तासिका हाती येते, ज्यात वायर सोलेपर्यंत घंटा होते. म्हणून शिक्षण विभागाने या वर्षीच्या सूचनांत 'नववी, आठवड्यातून सलग दोन तासिका, शनिवार सोडून' एवढे स्पष्ट लिहावे आणि मुख्याध्यापकांनी त्याची वाट न पाहता आपल्या शाळेपुरते जूनमध्येच ते ठरवून टाकावे. पहिल्या आठवड्याचे काम तर सोपे आहे: नावांचा तक्ता. त्याला लागतो एक कोरा कागद, पट्टी आणि घरून आणलेल्या पाच झेरॉक्स.

आपले,
माध्यमिक शाळा व आयटीआयमधील काही शिक्षक
शिरूर परिसर, जि. पुणे